मालकावांचून चाललेला संघ

पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ सालीं स्थापन झाला. ही संस्था कोणा एका धनिकाची नव्हती, सभासदांची होती. खेळांतून नफा मिळविणें हा तिचा हेतु नव्हता. १९१४ सालीं तिनें खो-खोचे नियम ठरविण्यासाठीं समिति नेमली.

१९१९ सालीं जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनीं तेथील शर्यती पाहिल्या. धांवणारे शेतकऱ्यांचे मुलगे होते. पायांत जोडा नव्हता, पाश्चात्त्य नियमांचा परिचय नव्हता. तरी त्यांचा वेग पाहून त्यांना ऑलिंपिकला पाठवावें, हा विचार निघाला. पैसा उभा करण्यांत आला. टाटांनीं पदरचें द्रव्यही घातलें. १९२० सालीं संघ अँटवर्पला गेला. बेळगांवचे चौगुले मॅरेथॉनमध्यें १९ वे आले, कुस्तींत रणधीर शिंदे ४ थे आले. पदक मिळालें नाहीं, पण वाट पडली. १९२७ सालीं भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षीं ॲम्स्टरडॅमला भारतानें हॉकीचें सुवर्णपदक जिंकलें.

विजेत्यांचीं नांवें इतिहासांत राहतात, वर्गणीची वही सांभाळणाऱ्याचें क्वचितच राहतें. परंतु ती वही मिटली, तर अनवाणी मुलाची धांव शेताच्या बांधापाशींच संपते.