स्वाराने पायी चालणाऱ्याला आधी सलाम करावा

सलाम आधी कोणी करायचा, याचे आदाब आपल्याला लहानपणीच शिकवले जातात. लहानाने मोठ्याला करावा, थोड्यांनी पुष्कळांना करावा, चालणाऱ्याने बसलेल्याला करावा आणि स्वाराने पायी चालणाऱ्याला करावा. यातला शेवटचा नियम मला नेहमीच विशेष वाटत आला आहे. ज्याच्याकडे वेग आहे, पुढाकार घेण्याची जबाबदारी त्याची. मागे पडलेल्याने धावत येऊन ओळख द्यावी, अशी अपेक्षा नाही.

आज ज्या गोष्टीचा इतिहास सांगायचा आहे, ती मदरशात घडलेली नाही. ती संगणक कंपन्यांच्या बैठकांत घडली. पण हाच अदब तिथल्या तारांमध्ये आणि पिनांमध्ये उतरलेला दिसतो. विषय आहे यूएसबी. काल विकत घेतलेला पेन ड्राइव्ह वीस वर्षांपूर्वीच्या संगणकाला लावला तरी बहुतेक वेळा चालतो. तो का चालतो, आणि कधीकधी का चालत नाही?

ज्यांनी १९९० च्या दशकात संगणक पाहिला आहे, त्यांना त्याची मागची बाजू आठवत असेल. कीबोर्डची गोल खाच वेगळी, माऊसची वेगळी, प्रिंटरला २५ पिनांचा रुंद प्लग, मोडेमला ९ पिनांचा. काही प्लग स्क्रू पिळून घट्ट करावे लागत. नवे यंत्र जोडायचे तर संगणक बंद करा, कधी डबा उघडून आत कार्ड बसवा, मग सेटिंग बदला. हे काम घरातल्या माणसाचे नव्हतेच, त्यासाठी जाणकाराला बोलवावे लागे.

१९९४ मध्ये सात कंपन्या यावर उपाय शोधायला एकत्र आल्या: इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डिजिटल इक्विपमेंट, एनईसी आणि नॉर्टेल. या कामात पुढे असलेल्या इंटेलच्या अभियंत्यांपैकी एक होते अजय भट्ट. ते मूळ बडोद्याचे. शिक्षणही तिथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले, म्हणजे गायकवाडांच्या नावाने उभ्या असलेल्या विद्यापीठात. पुढे ते अमेरिकेला गेले आणि १९९० मध्ये इंटेलमध्ये दाखल झाले. घरातल्या कोणत्याही माणसाला प्रिंटर स्वतः जोडता यावा, इतके हे काम सोपे असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचा पहिला आराखडा आला. त्यात फक्त चार तारा होत्या. एक ५ व्होल्टची, एक ग्राउंडची आणि माहिती ने-आण करणाऱ्या दोन. वेगही दोनच होते: कीबोर्ड आणि माऊससाठी सेकंदाला १.५ मेगाबिट, इतर यंत्रांसाठी १२ मेगाबिट. संगणकाला यंत्राचा वेग कळावा कसा? युक्ती अगदी साधी होती. यंत्राच्या आत एक छोटा रेझिस्टर असतो. तो माहितीच्या दोन तारांपैकी एका तारेवर बसवला तर यंत्र धीमे, दुसऱ्या तारेवर बसवला तर वेगवान. प्लग आत गेला की संगणक पाहतो, कोणती तार वर खेचली गेली आहे. झाली ओळख.

सुरुवात मात्र अडखळतच झाली. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू होते. यूएसबीवर स्कॅनर जोडला आणि भर सभेत पडद्यावर निळी पाटी आली. लोक हसले. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲपलचा आयमॅक आला. त्यात फ्लॉपी ड्राइव्ह नव्हता, कीबोर्ड-प्रिंटरच्या जुन्या खाचाही काढून टाकल्या होत्या. त्याला काही जोडायचे तर यूएसबीच. मग यूएसबीची यंत्रे बनवणाऱ्यांची रांग लागली.

आता खरा प्रश्न उभा राहिला. १२ मेगाबिटचा वेग लवकरच कमी पडू लागला. या वेगाने प्रत्यक्षात सेकंदाला एक मेगाबाइटच्या आसपास माहिती जाते, म्हणजे एक गिगाबाइटला पाव तासाहून अधिक. स्कॅनर, कॅमेरा, बाहेरची डिस्क या सगळ्यांना ते अपुरे होते. वेग वाढवायचा हे ठरले. पण तोवर विकल्या गेलेल्या संगणकांचे काय? नवा प्लग काढला असता तर अभियंत्यांचे काम सोपे झाले असते. पण मग प्रत्येक जुना संगणक एका फटक्यात नव्या यंत्रांना मुकला असता.

हे होऊ शकत होते, आणि शेजारीच तसे घडलेही. फायरवायर नावाची जोडणी तेव्हा यूएसबीपेक्षा कितीतरी वेगवान होती, सेकंदाला ४०० मेगाबिट. तिचा वेग दुप्पट करताना २००३ च्या सुमारास ९ पिनांचा वेगळा प्लग आला. जुन्या ६ पिनांच्या खाचेत तो बसत नव्हता, मध्ये वेगळी केबल घ्यावी लागे. शिवाय फायरवायरसाठी परवान्याची रक्कम द्यावी लागे, यूएसबीचा आराखडा मात्र कोणालाही मोफत वापरता येत होता. आज फायरवायर पाहायला मिळणेही कठीण आहे. तिच्या अस्ताचे हे एकमेव कारण नाही, पण जी जोडणी स्वस्त राहिली आणि जुन्यांना सोबत घेऊन चालली, ती टिकली.

एप्रिल २००० मध्ये यूएसबी २.० जाहीर झाले. वेग एकदम ४८० मेगाबिट, म्हणजे चाळीसपट. प्लग तोच, चार तारा त्याच. आणि जोडणीच्या क्षणी काय व्हावे, याचा जो नियम ठरला तो मला फार आवडतो. नवे वेगवान यंत्र जोडल्यावर स्वतःचा वेग दाखवत नाही. आधी ते जुन्या १२ मेगाबिटच्या यंत्राप्रमाणेच ओळख देते, त्याच तारेवर तोच रेझिस्टर. संगणक नियमाप्रमाणे त्याला रीसेट करतो. त्या काही मिलिसेकंदांत यंत्र एक हलका संकेत पाठवते. अभियंत्यांनी त्याला पक्ष्याच्या चिवचिवाटाचे नाव दिले आहे. समोरचा पोर्ट नवा असेल तर तो उलट चिवचिवाट करतो आणि दोघे मिळून वेग वाढवतात. पोर्ट जुना असेल तर त्याला हा संकेत कळतच नाही, तो गप्प राहतो. उत्तर आले नाही की नवे यंत्र काही तक्रार न करता १२ मेगाबिटवर काम सुरू करते.

म्हणजे स्वार आधी पायी चालणाऱ्याच्या चालीने चालतो, सलाम करतो आणि वाट पाहतो. समोरचाही स्वार निघाला तर दोघे दौडत जातात, नाहीतर तो घोड्याचा लगाम धरून सोबत चालू लागतो. जुन्या संगणकात काहीही बदलावे लागत नाही. सगळा समजूतदारपणा नव्याने दाखवायचा.

उलट दिशेचीही सोय केली गेली. जुना धीमा माऊस नव्या हबला जोडला तर त्याच्यामुळे इतरांची वाट अडू नये, म्हणून हबमध्ये एक दुभाषा बसवला. तो माऊसशी त्याच्या संथ बोलीत बोलतो आणि संगणकाशी वेगाच्या बोलीत.

नोव्हेंबर २००८ मध्ये यूएसबी ३.० आले, वेग सेकंदाला ५ गिगाबिट. हा वेग जुन्या दोन तारांना पेलणारा नव्हता. तेव्हा जुन्या चार पिनांना हात न लावता पाच नवे संपर्क वाढवले. आतल्या निळ्या प्लास्टिकवरून असा प्लग ओळखता येतो. जुन्या पोर्टात तो घातला तर नव्या पाच संपर्कांना समोर कोणी भेटत नाही, मग यंत्र जुन्या चारांवर परत येते.

याची किंमतही मोजावी लागली. दोनदा उलटासुलटा करूनही न बसणारा तो चपटा प्लग आपण सगळ्यांनी अनुभवला आहे. दोन्ही बाजूंनी बसणारा प्लग केला असता तर तारा आणि सर्किट वाढून खर्च दुप्पट झाला असता, असे भट्ट यांनी पुढे सांगितले आहे. एकदा तो आकार कोट्यवधी यंत्रांत गेला, की जुन्यांना सांभाळायचे तर तोच आकार पुढे न्यावा लागला. दोन्ही बाजूंनी बसणारा टाइप-सी प्लग यायला २०१४ साल उजाडले.

आता हे सगळे या ब्लॉगवर का सांगतो आहे? आपल्या संस्था आठवून पाहा. मदरशाचा संगणक कक्ष, उर्दू शाळेची प्रयोगशाळा, मोहल्ल्यातले वाचनालय, जमातीचे दफ्तर. यातल्या किती ठिकाणी नवे कोरे संगणक असतात? बहुतेक कोणाच्या तरी कार्यालयातून निघालेले, कोणी सवाबच्या नियतने दिलेले. त्या संगणकांवर मुले टायपिंग शिकतात, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतात, दुकानातून आणलेल्या पेन ड्राइव्हवरून धडे उतरवतात. ज्यांचा या लोकांशी काही संबंध नव्हता, अशा अभियंत्यांनी २००० साली घेतलेल्या निर्णयावर हे सारे चालू आहे. त्यांनी तेव्हा वेगळा प्लग काढला असता, तर अशी कितीतरी दारे बंद झाली असती.

पण पोर्ट जुळला म्हणजे सगळे जुळले असे नाही. ६ जून २०२५ ला केंद्र सरकारने 'उमीद' पोर्टल सुरू केले आणि वक्फ मालमत्तांची माहिती सहा महिन्यांत तिथे भरायची ठरली. त्या काळात एका दफ्तरात कागद स्कॅन करण्याच्या कामात मी मदत करत होतो. जुन्या सनदा, सातबारा, भाडेपावत्या. संगणक दान आलेला, विंडोज एक्सपीचा. स्कॅन ठेवायला एका मुतवल्लींनी नवी पोर्टेबल डिस्क आणली. जोडली तर दिवा लागला, आतून टिकटिक आवाज येऊ लागला आणि पडद्यावर काहीच दिसेना. डिस्कच खराब निघाली, असे म्हणून ती परत करायची तयारी झाली.

डिस्क खराब नव्हती, तिला वीज पुरत नव्हती. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देतो, यूएसबी ३.० चा ९०० पर्यंत. वेगाच्या बाबतीत नवे यंत्र नमते घेऊ शकते, भुकेच्या बाबतीत नेहमी घेऊ शकत नाही. स्वतःचा ॲडॉप्टर असलेला हब मध्ये लावला आणि डिस्क फिरू लागली. तरी फायली दिसेनात. ती एक्सफॅट पद्धतीने तयार केलेली होती आणि एक्सपीला वेगळे अपडेट घातल्याशिवाय ती पद्धत कळत नाही. दुसऱ्या संगणकावर ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून आणली, तेव्हा काम मार्गी लागले. जुना संगणक सांभाळणाऱ्यांनी या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: आधी वीज पाहा, मग फॉरमॅट. आणि फॉरमॅट करण्यापूर्वी डिस्कवर आधीचे काही नाही ना, याची खात्री करा, कारण फॉरमॅटमध्ये सगळे पुसले जाते.

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट जाणवली. आमचा गाडा प्लगपाशी अडला नव्हता. प्लग बनवणाऱ्यांनी जुन्यांचा विचार केला होता. अडचण पुढच्या पायऱ्यांवर होती: विजेची गरज, फायलींची पद्धत, आणि शेवटी ते पोर्टल, जे एक्सपीच्या जुन्या ब्राउझरमध्ये आमच्याकडे उघडलेच नाही. स्कॅन केलेल्या फायली घेऊन एका मुलाच्या लॅपटॉपवर ते काम पुरे करावे लागले. ज्या दफ्तरात कोणाच्या घरी असा लॅपटॉप नसेल, तिथे काय झाले असेल? मुदत मात्र सगळ्यांना सारखीच होती.

यूएसबीचा इतिहास मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. नवे आणणे म्हणजे जुन्यांना टाकणे, हा काही निसर्गनियम नाही. तो प्रत्येक वेळी कोणीतरी घेतलेला निर्णय असतो, आणि उलटा निर्णयही घेता येतो. २०१९ मध्ये यूएसबी ४ आले, वेग सेकंदाला ४० गिगाबिटपर्यंत गेला. त्या केबलच्या आतही १९९६ च्या माहितीच्या दोन तारांची जागा राखून ठेवलेली आहे. इतक्या वेगाला त्यांची काहीच गरज नाही. समोर कोणी जुने आले तर त्याच्याशी बोलता यावे, एवढ्यासाठीच त्या तिथे आहेत. उद्या आपली एखादी संस्था नवे ॲप, नवी नोंदणी, नवी व्यवस्था आणेल, तेव्हा अशा दोन तारा तिच्यात आहेत का, एवढे आपण विचारायला हवे.