सोळा कालवडी आणि एक अपुरा हिशेब

प्रथिने, कर्बोदके आणि मेद योग्य प्रमाणात मिळाले की गाईचा आहार पुरा, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मानले जाई. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातले स्टीफन बॅबकॉक यांना हे पटत नव्हते. १९०७ साली तेथे १६ कालवडींचे ४ गट केले गेले. एका गटाला फक्त मक्याचे दाणे व चारा, दुसऱ्याला गव्हाचे, तिसऱ्याला ओटचे, चौथ्याला तिन्हींचे मिश्रण. रासायनिक हिशेब सर्वांचा सारखाच! तरीही मक्यावरच्या गाईंना धडधाकट वासरे झाली. गव्हावरच्यांची वासरे जगली नाहीत. म्हणजे हिशेबाबाहेरचे काहीतरी आहारात होते. पुढे त्याच विद्यापीठात मॅककोलम आणि डेव्हिस यांना उंदरांवरील प्रयोगांतून, १९१३ साली, ‘अ’ जीवनसत्त्वाचा माग लागला. वर्गात आहाराचा तक्ता शिकवताना, तो एकेकाळी कसा अपुरा ठरला, हेही आपण मुलांना सांगायला हवे.