एका क्रियापदाचीं दोन कुळें

भारतीय पारपत्राच्या, म्हणजे पासपोर्टाच्या आरंभीं राष्ट्रपतींच्या नांवानें एक विनंती इंग्रजींत छापलेली असते. धारकास कोणतीहि आडकाठी न करतां मोकळेपणें जाऊं द्यावें, असा तिचा आशय. या आडकाठीसाठीं तेथें जे दोन शब्द जोडीनें योजिले आहेत, त्यांतील पहिला 'लेट' हा होय. आतां, इंग्रजीचे चार धडे शिकलेला मुलगाहि 'लेट' म्हणजे 'करूं देणें' हें जाणतो. मग अनुमतीचा शब्द अटकावाच्या जागीं कसा आला? ही कोणा कारकुनाची चूक तर नव्हे?

चूक मुळींच नाहीं. प्राचीन इंग्रजींत दोन निराळीं क्रियापदें होतीं. एक दीर्घ स्वराचें 'लॅटन'. त्याचा अर्थ सोडणें, राहूं देणें. जर्मन भाषेंतील 'लासेन' हें त्याचें सख्खें भावंड. दुसरें ऱ्हस्व स्वराचें व जोड टकाराचें 'लेट्टन'. त्याचा अर्थ उशीर लावणें, खोळंबा करणें, अडविणें. हें 'मंद' या अर्थाच्या विशेषणापासून झालें. आणि 'गाडी लेट आहे' असें आपण म्हणतों, त्यांतील 'लेट' त्याच विशेषणाचा वंशज आहे. पुढें इंग्रजी भाषेंतील प्रत्यय झिजले, दीर्घ स्वर ऱ्हस्व झाला, आणि दोन्ही क्रियापदें एकाच रूपांत येऊन मिळालीं.

कांहीं शतकें हीं दोघें एका घरांत नांदलीं. आगरकरांनीं 'विकारविलसित' या नांवानें मराठींत आणलेलें 'हॅम्लेट' हें नाटक इ. स. १६०० च्या सुमाराचें. पित्याच्या पिशाचामागें निघालेल्या राजपुत्रास सोबती धरून ठेवतात, तेव्हां आपणांस 'लेट' करील त्याला तो ठार मारण्याची धमकी देतो. येथें 'जाऊं देणारा' असा अर्थ घेतला, तर सारा प्रसंगच उलटा होतो! १६११ च्या इंग्रजी बायबलांतहि रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत पौल म्हणतो कीं, येण्याचा बेत अनेकदां केला, पण आजवर 'लेट' झालों. म्हणजे अडविला गेलों. धर्मग्रंथांत असा विपरीत अर्थ होऊं देणें परवडणारें नव्हतें. म्हणून १८८१ च्या सुधारित आवृत्तींत हा शब्द काढून स्पष्ट अर्थाचा दुसरा घातला गेला.

एकाच उच्चारांत होकार आणि नकार फार काळ टिकत नाहींत. अटकावासाठीं भाषेंत दुसरे शब्द होतेच. त्यामुळें 'लेट्टन'चें कूळ खुंटलें. तें उरलें कायद्याच्या जोडशब्दांत आणि टेनिसच्या मैदानावर. आरंभाचा चेंडू जाळ्यास चाटून योग्य चौकटींत पडला, कीं 'लेट' पुकारून तो पुन्हां मारावयास देतात.

उलट 'लॅटन'चा विस्तार वाढला. घर भाड्यानें देणें, शिरेंतून रक्त काढणें, 'चला, जाऊं या' असें सुचविणें, इतकीं कामें तें करूं लागलें. मराठीचें 'देणें' असेंच नव्हे काय? मूळ अर्थ हातीं वस्तु ठेवण्याचा. पण 'जाऊं दे' म्हणतांना कोण काय देतो? १९२८ सालीं पुरा झालेल्या ऑक्सफर्डच्या महाकोशांत 'एल' अक्षराचें संपादन हेन्री ब्रॅडले यांनीं केलें. तेथें हीं दोन क्रियापदें स्वतंत्र नोंदींत ठेविलीं आहेत.

मौज अशी कीं, भाषापंडित आणखी मागें जाऊन दोहोंचा संबंध 'सैल पडणें' या अर्थाच्या एकाच आदिम धातूशीं जोडतात. मूठ सैल झाली कीं वस्तु सुटते. माणूस सैल पडला कीं उशीर होतो. एकापासून अनुमति निघाली, दुसऱ्यापासून अडथळा. म्हणून जुनें इंग्रजी वाचतांना कोश अनोळखी शब्दासाठींच उघडावा असें नाहीं. अनोळखी शब्द निदान आपणांस थांबवितो, ओळखीचा शब्द मात्र न थांबवितां चुकीच्या वाटेनें पुढें जाऊं देतो.