बर्निएचा तंबू आणि पंजाबचा उन्हाळा

घडी घालून नेता येणाऱ्या घराची एक मूळ अडचण असते. ते हलके असावे म्हणून भिंती कापडाच्या करायच्या, आणि कापड ऊन अडवते पण उष्णता अडवत नाही. मातीच्या भिंतीला तापायला अर्धा दिवस लागतो. कापड घटकाभरात तापते आणि ती उष्णता आतल्या माणसावर सोडू लागते. अमेरिकेत मोटारीमागे ओढून नेण्याची, मुक्कामावर छप्पर वर उचलून कापडी भिंती ताणण्याची ‘पॉप-अप कॅम्पर’ नावाची फिरती खोली असते. भर जुलैत तीत राहणाऱ्यांपुढेही हीच अडचण येते. फरक इतकाच की त्यांच्या हाताशी बहुधा वीज असते. वीज नसताना, आणि एखादे कुटुंब नव्हे तर सबंध राजधानीच अशा घरांतून राहत असताना माणसे काय करीत होती, याची एक विलक्षण नोंद फ्राँस्वा बर्निए या फ्रेंच वैद्याच्या पत्रांत सापडते.

बर्निए (आपल्याकडे रूढ झालेले नाव बर्नियर) हा गासेंदी या तत्त्ववेत्त्याचा शिष्य आणि मोंपेलिएचा वैद्यकीय पदवीधर. मोगल दरबारातील दानिशमंद खान या विद्याव्यासंगी अमिराच्या पदरी तो राहिला. औरंगजेबाच्या काश्मीरयात्रेत तो खानाबरोबर गेला आणि वाटेवरून मेर्वेय या मित्राला त्याने नऊ पत्रे लिहिली. १६७०-७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात ही पत्रे आहेत. विद्यापीठीय चर्चेत बर्निए येतो तो बहुधा मार्क्समुळे. १८५३ साली एंगल्सला लिहिलेल्या पत्रात मार्क्सने बर्निएची स्तुती केली आणि याच काश्मीरच्या कूचाचा हवाला देऊन, पूर्वेकडील राजधानी म्हणजे सैन्याची छावणीच, हे प्रतिपादन उचलून धरले. मार्क्सला छावणीचे अर्थकारण हवे होते, ते त्याने घेतले. मला वाटते, छावणीची खरी घडण त्यापुढच्या पानांत, जिथे ऊन सुरू होते तिथे, दिसते.

आधी तारखेचा एक गुंता. छापील पुस्तकात पहिल्या पत्रावर डिसेंबर १६६४ ही तारीख आहे. दरबारी इतिहासांनुसार मात्र ही यात्रा १६६२-६३ मधली. दुसरी तारीख ग्राह्य मानण्यास आपल्या इतिहासातूनही आधार मिळतो. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी लाल महालात शायिस्तेखानावर छापा घातला. ती बातमी बादशहाला काश्मीरच्या वाटेवर मिळाली, असे जदुनाथ सरकारांनी नोंदवले आहे. म्हणजे खानाची बोटे तुटल्याची वार्ता बादशहाने ऐकली ती बहुधा याच उन्हात.

हा प्रवास ऐन उन्हाळ्यात का झाला, याचे उत्तर साधे आहे. दिल्लीहून कूच झाले डिसेंबरच्या थंडीत, दुपारी तीन वाजता, ज्योतिष्यांनी काढून दिलेल्या मुहूर्तावर. पण काश्मीरच्या घाटांतले बर्फ वितळल्याखेरीज पुढे जाता येत नव्हते, म्हणून लाहोरला दोन महिन्यांहून अधिक मुक्काम पडला. बर्फ वितळेपर्यंत खालचे मैदान भाजून निघाले. थंड हवेच्या ठिकाणी जायचे तर आधी भट्टीतून जाणे भाग होते.

तंबूंची व्यवस्था मोठी होती. अबुल फज़लच्या ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या फर्राशखान्याचा तपशील आहे: एका मुक्कामाच्या सामानाला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे, आणि माणसांत १००० फरास, ५०० बेलदार, १०० पखालवाले, १५० झाडूवाले. (पुण्याच्या फरासखान्याचे नाव याच परंपरेतले, पेशव्यांच्या तंबू-कनाती-जाजमांचे ते कोठार.) औरंगजेबाच्या काळी बादशाही तंबूंचे दोन संच असत. बादशहा एका मुक्कामी असताना दुसरा संच, म्हणजे पेशखाना, पुढच्या मुक्कामी उभा होत असे. बादशहाला तंबू ठोकला जाण्याची वाट कधी पाहावी लागत नसे. बाकीच्यांनी मात्र रणरणत्या माळावर उतरायचे, आपले उंट कुठे अडकले ते पाहायचे आणि मग सावली उभी करायची.

दर्जाचे नियम उंचीलाही होते. अमिरांचे तंबू बादशाही तंबूच्या मानाने फार उंच असता कामा नयेत, नाहीतर ते पाडण्याचा हुकूम होई. बाहेरून संपूर्ण लाल रंगही फक्त बादशहाचा. बर्निए हे दरबारी शिष्टाचार म्हणून सांगतो. पण गरम हवा वर चढते, आणि छत जितके उंच तितकी ती डोक्यापासून लांब राहते, हे लक्षात घेतले की या शिष्टाचाराचा दुसरा अर्थ उमगतो. कोणी किती तापायचे हेही त्यात ठरून गेलेले होते.

बर्निएची स्वतःची तयारी वाचनीय आहे. मध्यम आकाराचा तंबू, चार हलक्या वेतांची जोडखाट, पाच-सहा दिवसांचा उत्तम तांदूळ, बडीशेप घातलेली गोड बिस्किटे, लिंबे, साखर. आणि लोखंडी आकडा लावलेली एक कापडी पिशवी, दही टांगून त्यातले पाणी गाळण्यासाठी. फ्रेंच तत्त्वज्ञाच्या सामानात आपली चक्क्याची पिशवी पाहून मौज वाटते. लिंबाचे सरबत आणि दही यांच्याइतके थंडावा देणारे काही नाही, असे त्याचे मत झाले होते. लाहोरला त्याने एक लहान काश्मिरी तंबू घेतला, कारण मोठा तंबू डोंगरात नेणे अवघड. सोय झाली, पण छत आणखी खाली आले.

पाण्याची गोष्ट याहून महत्त्वाची. घरी असताना पाण्याची सुरई सोऱ्याच्या द्रावणात फिरवून गार करीत. ही रीत आईनमध्येही आहे. वाटेवर मात्र कथलाच्या सुरईला ओले फडके गुंडाळायचे आणि घोड्यापुढे चालणाऱ्या नोकराने ती हातात धरून हलवत न्यायची. मुक्कामावर ती तीन काड्यांच्या तिवईवर वाऱ्यात ठेवायची, जमिनीला टेकू द्यायची नाही. फडके ओले हवे आणि हवा हलती हवी, हे त्याने अचूक टिपले. कारण देताना मात्र गुरू आठवला. गासेंदीच्या अणुवादाला धरून तो म्हणतो की ओले कापड हवेतील अग्निकण अडवते आणि गारवा आणणाऱ्या कणांना आत सोडते, काच जशी पाणी अडवून प्रकाशाला वाट देते तशी. उपमा सुरेख आहे, उपपत्ती चुकीची. पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जाते, एका ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी. आणि हे कोरड्या हवेतच झपाट्याने घडते. देशावरचा माठ कोकणात तितका गार का होत नाही, याचेही कारण हेच.

लाहोर सोडल्यावरची पत्रे तोकडी होत जातात. त्यांतले शास्त्र आटते आणि शरीर उरते. आपले अंग चाळणीसारखे झाले आहे, पाणी प्यावे तर ते लगेच बोटांच्या टोकांपर्यंत दवासारखे पाझरते, असे तो लिहितो. चेहरा, हात आणि पाय सोलून निघाले आहेत, अंगभर लाल पुरळ सुयांसारखे टोचते आहे. हे आपले घामोळे. सुरईवरच्या फडक्याने जे केले तेच त्याची कातडी करीत होती. दोन्ही गोष्टी त्याने जातीच्या निरीक्षकाप्रमाणे नोंदवल्या, पण त्यांचा परस्परसंबंध त्याला दिसला नाही. उत्तरेचे उंच पर्वत गार वारा अडवतात आणि सूर्यकिरण परतवतात, म्हणून हा उकाडा, असेही एक अनुमान तो मांडतो. आणि लगेच, उद्या जे आपल्याला मारणार आहे त्याची मीमांसा कशाला, असे स्वतःलाच विचारतो. उरलेली चार-पाच लिंबे आणि साखरपाण्यात कालवायचे थोडे सुके दही एवढीच आशा, शाई टाकाच्या टोकाशी सुकते, टाक हातातून गळतो, पत्र संपते.

या मजकुराचे सौंदर्य सांगून पुष्कळांनी तो शिकवला असेल. मला त्यातले एकच वाक्य थांबवते. तंबू नसलेला एक गरीब घोडेस्वार काल झाडाखाली मेलेला सापडला. बस, एवढेच, त्याचे नाव नाही. लेखकाचे हाल पानभर आणि घोडेस्वाराचा मृत्यू ओळभर, हे प्रमाण आपण शैलीचा भाग म्हणून वाचत आलो. पण बर्निएला सुरई हलवणारा नोकर होता. पुढे चालणारा हा माणूस त्याच उन्हात, घोड्यावाचून, पायी चालत होता. दिल्लीच्या वर्णनात बर्निए वाळ्याच्या मुळ्यांच्या खोल्यांविषयी लिहितो, तेथेही त्या हौदाजवळ बांधाव्यात म्हणजे नोकरांना पखालींनी बाहेरून भिजवता येतात, असे सांगतो. आईनमधले १०० पखालवाले आठवा. कापडाच्या घरात गारवा यायचा तर कोणीतरी बाहेर उन्हात पाणी वाहत राहायला हवे, आणि ज्याच्यासाठी कोणी पाणी वाहणार नाही त्याला झाड शोधावे लागे. ‘छावणी म्हणजे राजधानी’ हे सूत्र खोटे नाही, पण त्यात ही माणसे मोजलेली नाहीत.

मोजदाद पुढे झाली, ती वेगळ्या कारणाने. डोंगराच्या पायथ्याशी भीमबरला छावणी पडली ती एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात, वाळू आणि तापलेल्या गोट्यांत. काश्मीरसारख्या लहान प्रदेशात धान्याची टंचाई होऊ नये म्हणून वर नेण्याच्या लोकांवर मर्यादा होती: रोशनआरा बेगमेच्या निकटच्या थोर स्त्रिया, ज्यांच्यावाचून चालणार नाही असे सेवक, आणि अमिरांना आपल्या दर शंभर स्वारांपैकी पंचवीस. खिंडीच्या तोंडाशी एक अमीर बसवला होता. वरच्या गार हवेसाठी आसुसलेले मनसबदार आणि स्वार तेथे येत, आणि तो एकेक डोके मोजून बाकीच्यांना परत फिरवी. बर्निएचे नाव वर जाणाऱ्यांत होते. लहान काश्मिरी तंबू घेऊन तो निघाला.