सेकंडहँड फेरारी

इटालियन सुपरकार सेकंडहँड घ्यायची झाली, तर नेमकं काय बघून घ्यायची? माझ्या सॅलरी स्लिपचा आणि या प्रश्नाचा काडीमात्र संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. :-) पण असा एक व्यवहार आपल्याकडे खरोखर झालाय, आणि तोही साऱ्या महाराष्ट्राला तोंडपाठ असलेल्या गाडीचा. सचिनच्या लाल फेरारीचा.

ही गाडी सचिनला भेट मिळाली हे सगळ्यांना आठवतं. पुढे ती सुरतला विकली गेली तेव्हा बऱ्याच जणांना वाईट वाटलं, हेही आठवतं. या दोन टोकांच्या मध्ये एक पावती आहे, तिच्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. माझ्या मते या सगळ्या गोष्टीत सर्वात महत्त्वाची तीच.

तर सुरुवातीपासून. एप्रिल २००२. पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडिजविरुद्ध सचिनने ११७ धावा काढल्या. कसोटीतलं त्याचं हे २९वं शतक, म्हणजे थेट डॉन ब्रॅडमनशी बरोबरी. सचिन त्या काळात फियाटच्या जाहिराती करायचा, आणि फेरारी तेव्हा फियाटच्याच घरातली. फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना द्यायचं ठरवलं. जुलै २००२ मध्ये, भारताचा संघ इंग्लंडमध्ये असताना, सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते गाडी त्याला देण्यात आली. एका खेळातल्या देवाने दुसऱ्या खेळातल्या देवाला किल्ली दिली. आणखी काय पाहिजे?

कस्टम्सची पावती पाहिजे!

परदेशातून अशी गाडी आणायची तर तिच्या किमतीपेक्षाही जास्त आयात शुल्क भरावं लागायचं. या गाडीचं शुल्क भरत होतं सुमारे १.१३ कोटी रुपये. २००३ मध्ये केंद्र सरकारने ते माफ केलं. कायद्यात तशी सोय आहे. अपवादात्मक परिस्थितीत, लोकहितासाठी, सरकार एखाद्या विशिष्ट वस्तूवरचं शुल्क माफ करू शकतं. पण एका फेरारीत नेमकं कुठलं लोकहित आलं, असा प्रश्न लोकांना पडला. प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, पेपरांत रकानेच्या रकाने भरले. शेवटी ते शुल्क भरायला फियाट तयार झाली आणि विषय मिटला.

तेव्हा माझ्या आसपास दोन सरळ तट होते. एक म्हणायचा, "अरे, त्याने देशाला एवढा आनंद दिला, त्याच्या एका गाडीवरून कसला हिशोब मांडता?" दुसरा म्हणायचा, "आमचा भाऊ दुबईहून टीव्ही आणतो तेव्हा सहार विमानतळावर कोण माफ करतं?" दोघांचंही पटायचं, हीच पंचाईत.

यात आणखी एक गाडी आणतो, म्हणजे फरक नीट दिसेल. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात बेन्सन अँड हेजेस स्पर्धा झाली. त्यात रवी शास्त्री 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' ठरला आणि त्याला ऑडी १०० मिळाली. मेलबर्नच्या मैदानावर अख्खा संघ त्या गाडीत, गाडीवर, टपावर बसून फिरला, ते दृश्य तुम्ही पाहिलं असेलच. तिचंही शुल्क राजीव गांधींच्या सरकारने माफ केलं, आणि त्याचं कुणालाही फारसं काही वाटलं नाही. का? ऑडी मैदानावर जिंकलेली होती, ते बक्षीस होतं. फेरारी एका कंपनीने आपल्याच जाहिरातदाराला दिलेली भेट होती. कौतुक खरंच होतं, पण त्यात धंदाही होता. धंद्यावर कर असतो, हे साधं गणित लोकांनी बरोबर ओळखलं.

आता सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने गाडीकडे बघू. ३६० मोडेनाचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे असतं. ३,५८६ सीसीचं व्ही-८, ताकद ४०० अश्वशक्ती, आणि तीही मिनिटाला ८,५०० फेऱ्यांवर. सांगाडा आणि बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, डिझाईन पिनिनफरिनाचं. वेग ताशी २९०च्या पुढे. हे झालं ब्रोशर.

जुनी घेताना ब्रोशर बाजूला ठेवायचं. या इंजिनातला टायमिंग बेल्ट साधारण दर ३ वर्षांनी बदलावा, असा नियम. गाडी चालवली असो वा नसो, रबर म्हातारं होतंच. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि मग इंजिनच्या नावाने आंघोळ! आधीच्या ३५५ मॉडेलमध्ये या एका बेल्टसाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागायचं. ३६० मध्ये सीटमागचं झाकण उघडून तो बदलता येतो, तेवढी तरी दया. स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणारा 'एफ-वन' गिअरबॉक्स असेल, तर क्लच किती टक्के झिजलाय हे थेट संगणक जोडून वाचता येतं. अ‍ॅल्युमिनियम एकदा नीट ठोकलं गेलं, की कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याच्या हातोडीने ते सरळ होत नाही, म्हणून अपघाताचा इतिहास तपासायचा. आणि हे सगळं कुठे करायचं? फेरारी भारतात अधिकृतपणे आली २०११ मध्ये. म्हणजे सचिनकडे ही गाडी होती त्या बहुतेक काळात, पंक्चर सोडून बाकी कशासाठीही हाक मारायला अधिकृत दुकान देशात नव्हतं.

थोडक्यात, जुनी सुपरकार म्हणजे लीगसी कोड. दिसायला डेमो झकास. पण तुम्ही विकत घेता तो आधीच्या माणसाने केलेला, न केलेला, पुढे ढकललेला सगळा मेंटेनन्स.

आणि त्याच्याही आधी कागद. आरसी, विमा, विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यात न्यायची तर आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८. आयात गाडी असेल तर कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री आणि शुल्क भरल्याचा पुरावा. इंजिन पैसे टाकून पुन्हा बांधता येतं. न भरलेलं शुल्क हा मात्र वाडवडिलांच्या कर्जासारखा प्रकार, कधी दारात येऊन उभा राहील सांगता येत नाही.

२०११ मध्ये सचिनने ही फेरारी सुरतच्या एका बांधकाम व्यावसायिकाला विकली. मुंबईहून सुरतेचा हायवे आमच्या जूचंद्रच्या पूर्वेकडून जातो. नायगावच्या पलीकडचं, वसई-दिवा मार्गावर स्टेशन असलेलं, रांगोळीसाठी नावाजलेलं हे आमचं गाव. इथले कलाकार रात्र रात्र जागून रांगोळीत हुबेहूब माणसं उभी करतात, आणि काही दिवसांनी ती पुसली जातात. जुनी रांगोळी कुणी विकत घेत नाही, त्यामुळे तिचा मागचा हिशोबही कुणी विचारत नाही. गाडीचं तसं नाही. ती हातातून हातात जाते, आणि प्रत्येक नवा हात विचारतो, "मागचं सगळं क्लिअर आहे ना?"

सुरतच्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर देता आलं ते त्या पावतीमुळे, असं मला वाटतं. माफीने आलेल्या वस्तूला अनेकदा अटी चिकटलेल्या असतात, आणि अटी नसल्या तरी लोकांच्या नजरा असतात. करदात्यांच्या १.१३ कोटींवर आलेली गाडी सचिनने ८ वर्षांनी विकली असती, तर केवढा गहजब झाला असता, कल्पना करा. शुल्क भरलं गेल्यामुळे ती एक साधी मालमत्ता झाली. ठेवायची तर ठेवा, विकायची तर विका. तेव्हा ज्यांना आपण कुरकुरे म्हणत होतो, त्यांनीच सचिनला ही मोकळीक मिळवून दिली.

शास्त्रीने आपली ऑडी कधी विकली नाही. गंजलेली ती गाडी २०२२ मध्ये नव्यासारखी करून त्याला परत मिळाली. तिथेही मला बरोबरच वाटतं. मैदानावर जिंकलेली गोष्ट घरात ठेवावी.

अजून एक योगायोग. ज्या फियाटने ही फेरारी दिली, तिच्याच ११०० गाडीवरून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची पद्मिनी जन्मली. आमच्या आधीच्या पिढीला इटालियन गाडी म्हणजे तीच, आणि तीही बहुतेकदा सेकंडहँड. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला, म्हणजे फेरारीच्या शुल्काचा वाद गाजला त्याच वर्षी. २० वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. प्रत्येक टॅक्सीवाल्याने तिचा कर, परमिट, पासिंग वेळच्या वेळी भरलं होतं. त्याला माफी द्यायला कुठलं मंत्रालय बसलं नव्हतं.

२०१२ मध्ये राजेश मापुसकरचा 'फेरारी की सवारी' आला. त्यातला रुस्तम आरटीओत कारकून असतो, आणि सिग्नल तोडला म्हणून स्वतःच पोलीस शोधत जाऊन दंड भरतो. सचिनच्या फेरारीच्या सिनेमात नायक म्हणून पावती मागणारा माणूस घेतला, हे मला फार आवडलं.

असो. तुमच्यापैकी कुणी कधी सेकंडहँड फेरारी घेतली (किंवा स्विफ्ट), तर बॉनेट नंतर उघडा. आधी डॅशबोर्डाचा कप्पा उघडा, आणि सगळ्या पावत्या बाहेर काढा.