पापुद्रे मोजणारा प्रकाश

कलकत्त्याच्या बोबझार रस्त्यावरील प्रयोगशाळेत 28 फेब्रुवारी 1928 रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, के. एस. कृष्णन यांच्या साहाय्याने, द्रवांतून विखुरलेल्या प्रकाशात मूळ किरणाहून निराळ्या रंगाच्या मंद रेषा पाहिल्या, तेव्हा शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइटशी या शोधाचा पुढे ऋणानुबंध जुळेल, असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. अणूंच्या कंपनास आपल्या ऊर्जेचा अंश देऊन बाहेर पडणाऱ्या प्रकाशकणाचा रंग तेवढ्यापुरता पालटतो, आणि त्या पालटावरून कंपनाची जात ओळखता येते; परंतु असा कण लक्षावधींत एखादाच, म्हणून 1960 साली लेसर येईपर्यंत ही विद्या चिकाटीच्या माणसांपुरतीच राहिली.

1970 साली टुइन्स्ट्रा व केनिग यांनी याच पद्धतीने ग्रॅफाइट तपासला. निर्दोष स्फटिकात, रंगाचा पालट मोजणाऱ्या तरंगसंख्येच्या 1575 या अंकाजवळ एकच रेषा उमटली. स्फटिक जसजसे बारीक, तसतशी 1355 जवळची दुसरी रेषा बळावत गेली. स्फटिकाची तुटलेली कड हाही दोषच; पदार्थातील दोषाची नोंद अशी आपोआप दप्तरी दाखल होऊ लागली.

पुढे 2004 साली मँचेस्टरमध्ये गाईम व नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलून एका अणूइतक्या जाडीचे ग्राफीन वेगळे केले. चिकटपट्टीची ही हकीकत लोकांना फार आवडते, आणि ती आहेही गमतीची. तथापि सोललेल्या तुकड्यांत एकपदरी कोणता व दुपदरी कोणता, हा खरा तंटा होता, आणि त्याचा निवाडा 2006 साली केंब्रिजच्या आंद्रेआ फेरारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रामनच्या रेषांवरून केला. 2700 च्या आसपासच्या रेषेचे शिखर एकाच पदरात एकसंध व सडपातळ दिसते. दोन पदर एकमेकांवर आले की इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या दुभंगतात, आणि तेच शिखर चार उपशिखरांच्या मिश्रणाने रुंदावते. नमुना न फाडता, न झिजवता, क्षणभर लेसर टाकून हा निकाल मिळतो. पाचांहून अधिक पदर झाले, की मात्र ग्रॅफाइट व हा तुकडा यांत भेद करणे कठीण होते.

हा दाखला बाजारात किती आवश्यक आहे, याचा प्रत्यय 2018 साली आला: रामन वर्णपटासह अनेक कसोट्या लावून साठ कंपन्यांचा ग्राफीन म्हणून विकला जाणारा माल तपासला असता, बहुतेकांत खऱ्या ग्राफीनचा अंश शेकडा 10 हूनही कमी निघाला.