गाडीचा विमा: हप्ता का वाढतो, कुठे वाचवावं आणि कुठे वाचवू नये

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर भागातल्या अनेक घरांत गाडी हौसेपेक्षा गरजेची असते. म्हातारे आईवडील असतात, छोटा धंदा असतो. पण विमा नव्याने भरायची वेळ आली की हप्त्याचा आकडा बघून बरेच जण एजंटला म्हणतात, "सगळ्यात स्वस्त असेल तो द्या." हा आकडा कसा बनतो, ते आम्ही इथे सोपं करून सांगतो.

हप्त्याचे दोन भाग

पहिला भाग थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला, कुणी जखमी झालं किंवा कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई यातून मिळते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६ प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. याचे दर केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेले खासगी कारचे वार्षिक दर असे: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ रुपये, त्यापुढे ७,८९७ रुपये. इथे घासाघीस चालत नाही.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेज. याचे दर २००७ पासून कंपन्या स्वतः ठरवतात. मुंबई 'झोन ए' मध्ये येते, त्यामुळे दर मुळातच चढे. त्यात गर्दीत गाड्या घासतात, गॅरेजची मजुरी महाग आणि नव्या गाडीच्या बंपरमध्ये सेन्सर. एकूण हप्त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

कुठे वाचवता येतं

वर्षभर क्लेम केला नाही तर ओन डॅमेजवर २० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. तो वाढत पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जातो. एक हिशेब बघा. ओन डॅमेजचा हप्ता ८,००० असेल तर ५० टक्के बोनसमुळे ४,००० भरावे लागतात. आता ३,००० रुपयांच्या डेंटसाठी क्लेम केला, तर त्यातले निदान १,००० आपल्यालाच भरावे लागतात. हाती फार तर २,००० येणार, आणि बोनस गेल्यामुळे पुढच्या वर्षी ४,००० जास्त भरणार. असं छोटं काम खिशातून केलेलंच बरं.

हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकली तरी तो नव्या गाडीवर घेता येतो. मात्र पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की बोनस जातो.

कुठे वाचवू नये

आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यातली किंमत, कमी दाखवली की हप्ता उतरतो. पण गाडी चोरीला गेली तर भरपाईही तेवढीच कमी.

अंधेरी सबवेत दरवर्षी पाणी भरतं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू केली आणि इंजिनात पाणी गेलं, तर साध्या पॉलिसीत इंजिनाचा खर्च सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. आणि गाडी पाण्यात बंद पडली तर चावी फिरवू नका, टो करून न्या.

१३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं. १७ माणसं गेली, अनेक गाड्या चिरडल्या. अशा वेळी फक्त थर्ड पार्टी असेल तर आपल्या गाडीसाठी विम्यातून काहीच मिळत नाही.

खासगी पॉलिसीवर गाडी भाड्याने चालवत असाल तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. घरात कुणी असं करत असेल तर आधी व्यावसायिक परवाना आणि त्याचीच पॉलिसी घ्या.

विमाच नसेल तर

पहिल्यांदा पकडलं तर २,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा ४,०००, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण खरा धोका दंडाचा नाही. अपघातात कुणी दगावलं तर न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई मालकाला स्वतः द्यावी लागते. ती लाखांत जाते, आणि त्यात राहतं घर विकायची पाळी येऊ शकते.

तक्रार कुठे करावी

आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांचं मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. पॉलिसीची प्रत, क्लेम नाकारल्याचं पत्र आणि कंपनीशी झालेला सगळा पत्रव्यवहार मात्र जपून ठेवा.